बासष्ट पांढरे कुर्ते

३ नोव्हेंबर, सोमवार

नव्या मेट्रन मॅडमनी आज गठ्ठाच परत पाठवला! नर्सिंग होस्टेलच्या मुलींचे बासष्ट कुर्ते. सगळे पांढरे, सगळे सारखे. कॉलरच्या आत बाबांनी घातलेल्या बिब्ब्याच्या खुणा. कुणाला तीन ठिपके, कुणाला दोन ठिपके आणि एक रेघ. बाबांनी लाँड्री काढली तेव्हापासून नालवाडीत हेच चाललंय.

मॅडम म्हणाल्या, "हे काळे डाग कसले? मुली शिकून गेल्या की कुर्ते धाकट्या मुलींना देऊन जातात. त्यांनी काय जन्मभर दुसरीची खूण घालून फिरायचं?"

मी म्हटलं, मॅडम, खूण नसली तर कुठला कुर्ता कुणाचा हे कळणार कसं?

"नावं लावा, छापील. धुण्यात जायला नकोत. पण काढायची म्हटली की निघाली पाहिजेत."

महिन्याची मुदत. नाहीतर काम दुसऱ्याला. होस्टेल गेलं तर आमच्याकडे उरतात चार वकिलांचे कोट आणि लग्नसराई.

घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "बिब्बा जात नाई म्हणूनच त बिब्बा लावतो ना बे!"

५ नोव्हेंबर, बुधवार

नागपूरला जाऊन आलो. यंत्र आणलं! जेवणाच्या डब्याएवढंच आहे. विकणारा सचिन नावाचा माणूस. तोंड थांबतच नाही त्याचं. फितीवर नाव छापायचं, फीत कापडावर ठेवायची, गरम इस्त्रीने पंधरा सेकंद दाबायची. चिकटली! साठ धुण्यांत हलणार नाही म्हणे. काढायची झाली तर परत इस्त्री ठेवायची आणि गरम असतानाच कोपऱ्यातून ओढायची. डाग नाही, काही नाही. तिथेच माझ्या शर्टावर करून पाहिलं. चिकटली आणि निघालीसुद्धा! येताना बसमध्ये एकटाच हसत होतो.

रूपालीने पहिलं लेबल छापलं—"प्रफुल, नवरा". माझ्या बनियनवर दाबलं. "हरवले त कोणी आणून देईन," म्हणते.

एक लेबल बाबांच्या हातात दिलं. त्यांनी बोटांत फिरवलं, लांब धरलं, जवळ धरलं. "हे का अक्षर हाये? मुंगीच्या टांगा हायेत." आणि परत दिलं. चौथी शिकलेला माणूस, पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचा. मुद्दाम करतात!

८ नोव्हेंबर, शनिवार

बिब्ब्याच्या खुणांवरून नावं उतरवून घेतली आणि शिंप्याकडून डागाच्या कॉलरी बदलून आणल्या. बासष्ट लेबलं लावून झाली. मी आणि रूपाली. बाबांनी एकाला हात लावला नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

बाबा बोलत नाहीत.

१२ नोव्हेंबर, बुधवार

पहिली धुलाई झाली. घासले, पिळले, आपटलेसुद्धा. लेबलं जागच्या जागी! ओला कुर्ता घेऊन बाबांच्या पुढ्यात उभा राहिलो. पाहा म्हटलं!

"अजून प्रेस व्हाची हाये," एवढंच बोलले.

बोलले तरी.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

प्रेस झाली. काय लिहू!

इस्त्रीने लेबल चिकटतं, इस्त्रीनेच निघतं. आणि मी दिवसभर करतो काय? इस्त्री! कॉलरवरून इस्त्री गेली की लेबल सैल, इस्त्रीला चिकटून निघालं ते पुढच्या कुर्त्यावर जाऊन बसलं. तिसाव्या कुर्त्याला लक्षात आलं. तोवर एका कॉलरमध्ये तीन मुली आणि नऊ कॉलरींत कुणीच नाही. घाबरून उरलेले भरभर उरकले, त्यात आणखी गोंधळ.

सचिनला फोन लावला. "भाऊ, लेबलवरून इस्त्री नाही फिरवायची ना."

"मी लाँड्रीवाला आहे. इस्त्री नाही फिरवायची तर काय फिरवू, ट्रॅक्टर?"

"पण मी सांगितलं होतं, गरम झालं की निघते."

सांगितलं होतं खरं.

रूपाली बचत गटाच्या बैठकीहून लाल होऊन आली. तिच्या प्रेस केलेल्या ब्लाउजच्या पाठीवर—"कमला डोंगरे, दुसरं वर्ष". अध्यक्षबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं म्हणे, "रूपाली, ॲडमिशन कधी घेतली वो?" मला हसू आलं. तिथेच चुकलं. जेवायला नुसता भात मिळाला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

उद्या मुलींची प्रात्यक्षिक परीक्षा, बाहेरचे परीक्षक येणार. दुपारपर्यंत गठ्ठा पोचवायचा होता. सगळी लेबलं काढून टाकली आणि कुर्ते मापाने लावायला बसलो. पन्नास एकाच मापाचे! घाम फुटला.

बाबा आले. "सरक."

मांडी घालून बसले. एक कुर्ता मांडीवर घेतला, खांद्यावरून हात फिरवला, शिवणीवरून अंगठा नेला. "उजवा खांदा घासला हाये. वजनाची पिशवी वागवते. रोहण्याची पौर्णिमा." दुसरा घेतला. "इच्या खिशात पेन राह्यते, तोंड फाकलं पाह्य." तिसरा. "काखेत दोनदा उसवला. मीनंच टाचला. चष्मेवाली कमला." बाबा सांगत गेले, रूपाली चिठ्ठ्या लिहून टाचत गेली.

आणि कुर्त्याकडे बघत नव्हते! भिंतीकडे तोंड. आमच्याकडेही नाही. काय तो तोरा! दीड तासात बासष्ट कुर्ते संपवले, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि चहा मागितला.

गठ्ठा देऊन आलो.

१५ नोव्हेंबर, शनिवार

एकही तक्रार नाही. एकही!! फक्त मॅडम म्हणाल्या, चिठ्ठ्या चालणार नाहीत, लेबलांचं काय?

घरी येऊन बाबांना म्हटलं, मानलं तुम्हाला.

"मंग फेक ते यंत्र."

"बाबा, तुम्ही काय जन्मभर पुरणार आहात का मला?"

तोंडातून गेलं ते गेलं. रूपालीने डोळे वटारले. बाबा उठून अंगणात गेले, नळाजवळच्या बादलीला अडखळले, बादलीलाच चार शिव्या घातल्या. त्या माझ्या होत्या.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

रूपालीने तोड काढली. लेबल कॉलरमध्ये लावायचंच कशाला? आतून, बाजूच्या शिवणीच्या पट्टीवर लावायचं. तिथे इस्त्री टेकवायची गरजच नाही. चार कुर्त्यांवर करून पाहिलं. दोनदा धुतले, दोनदा प्रेस केले. एकही हललं नाही! वर मुलगी शिकून गेली की इस्त्री टेकवून ओढा, कुर्ता कोरा.

"एवढं डोकं नागपूरले जायच्या आधी लावलं असतं त," म्हणाली. आज तिला काहीही बोलायचा हक्क आहे.

बाबांना सांगितलं. ताटावरून उठले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

रोहण्याची पौर्णिमा गठ्ठा न्यायला आली. मुद्दाम बाबांपाशी गेली. "बाबाजी, परीक्षेले माहाच कुर्ता बरोब्बर आला हां!" बाबा खूश. कधी नव्हे ते हसले.

ती मात्र त्यांच्याकडे टक लावून बघत होती. मला बाहेर बोलावलं. "भाऊ, बाबाजीले कधीपासून दिसत नाई?"

मी हसलो. म्हटलं, त्यांना? त्यांना सगळं दिसतं. माझ्या चुका तर जास्तच.

"माही ड्युटी डोळ्यांच्या वॉर्डात हाये, भाऊ. या, दाखवतो."

ती आत गेली. बाबांच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर तळहात हलवला. इकडून तिकडे, तिकडून इकडे.

बाबा म्हणाले, "प्रफुल, पंखा काऊन लावला बे? थंडी वाजून राह्यली."

पंखा बंद होता.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सेवाग्रामला दाखवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पूर्ण पिकलेला. डॉक्टर म्हणाले, दोनेक वर्षं तरी अंगावर काढलंय. नीट होईल. आधी उजवा करू.

परत येताना ऑटोत विचारलं, काऊन नाही सांगितलं?

बाबा म्हणाले, "सांगतलं असतं त तू मले खाटेवर बसवलं असतं. हातानं काम होऊन राह्यलं होतं. कायले सांगू?" थोड्या वेळाने, "अन् तुयं लेबल मले दिसलंच नाई. त्याले चांगलं कसं म्हणू?"

मी बाहेर बघत बसलो. पंधरा तारखेचं ते वाक्य वहीतून खोडावंसं वाटलं. खोडलं नाही. राहू दे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

उजव्या डोळ्याची पट्टी निघाली. बाबांनी आधी डॉक्टरांना पाहिलं, मग रूपालीला, मग मला. मला जरा जास्तच वेळ.

"तुये केस कधी पिकले बे?"

अख्खा वॉर्ड हसला. पौर्णिमा तर तोंडाला ओढणी लावून पळालीच.

२ डिसेंबर, मंगळवार

बाबा काळा चष्मा लावून दुकानात आले. गठ्ठा सोडला. एक कुर्ता उचलला, दुसरा उचलला, परत पहिला. चष्मा वर करून बघत राहिले.

"हे त सारे एकासारखे एक हायेत बे! वयखाचं कसं?"

म्हटलं, हाताने पाहा ना, बाबा.

डोळे मिटले, खांद्यावरून हात फिरवला, डोळे उघडले. पुन्हा मिटले, पुन्हा उघडले. मग कुर्ता माझ्याकडे धरला.

"नाई जमत. डोये मधीमधी येतात. नाव कुठं लावलं, दाखव."