पाच बोटांचं माप

आप्पा, तुमचा पाट मी गेल्या आठवड्यात माळ्यावरून खाली काढला. एका कोपऱ्याला उंदरानं कुरतडलाय, बाकी धड आहे. मधोमध तांबड्या मातीचा डाग अजून तसाच. तुम्ही गेलात तेव्हा दुकानातली हत्यारं भावानं वाटून टाकली, हवा भरायचा पंप शेजाऱ्यानं नेला, पाट मात्र कुणालाच नको होता. तो मी सासरी आणला. पालथा घालून ह्यांना त्यावर जेवायला बसवायची. हे हसायचे, म्हणायचे, सासऱ्यानं सगळ्या मुलखाला मोजलं, आता जावयाला मोजतोय. हे जाऊनही आता सहा वर्षं झाली. पाट तेव्हापासून माळ्यावरच होता.

आपल्या फाट्यावरचं ते सायकलचं दुकान आता नाही. तिथून रामनगरकडे आणि गोव्याकडे जाणारे ट्रक मात्र तेव्हापेक्षा जास्त जातात. मला ते दुकान आठवतं ते ह्या पाटासकट. नवीन सीट घ्यायला कुणी आलं की तुम्ही पाटावर ओली माती थापायचात, वर गोणपाट टाकायचात आणि म्हणायचात, बस. एकदा दूधवाला वैतागला होता. "आप्पा, सीट देतायसा की माझी मुंज करतायसा?" तुम्ही मातीवर पाण्याचा हात फिरवत राहिलात. "बस म्हटलं की बसायचं. माणूस ढुंगणावर बसतो असं वाटतंय तुला. न्हाई. दोन हाडांवर बसतो. ती कुठं हायत ते तुझ्या बायकोलाबी ठाऊक न्हाई. मला ठाऊक पायजे." तो बसला, उठला, मातीत दोन खळगे पडले. तुम्ही एका खळग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत दोरा धरलात आणि दोऱ्यावर बोटं ठेवून मोजलीत. सहा बोटं. दिग्गीच्या बाजूला टपाल घेऊन जाणारा पोस्टमन साडेसहा बोटांचा होता. त्याला मागं रुंद सीट लावलीत, तर पुढच्या महिन्यात तो फणस घेऊन आला होता. तुमचं एक वाक्य ठरलेलं असायचं. माप खोटं बोलत न्हाई, माणूस बोलतो.

आता पाट का काढला ते सांगते. हे होते तोवर दर आठवड्याला मला स्कूटरवर मागं बसवून रामनगरच्या वाचनालयात सोडायचे. मी पुस्तक बदलेपर्यंत बाहेर उभे राहून ट्रकवाल्यांशी बोलायचे. हे गेल्यावर पहिलं वर्षभर मी वाचलंच नाही. मग बसनं जायला लागले, खरं आमच्या गावाला बस सकाळी एक आणि संध्याकाळी एक. मधले सगळे तास रामनगरात कुठं काढायचे? चालत जावं तर आठ किलोमीटर, आणि गुडघे बोलायला लागलेले. डॉक्टर म्हणाले, चालू नका, सायकल चालवा. मला हसू आलं. सायकलवाल्याची लेक मी, चाळीस वर्षं सायकलवर बसले नव्हते.

तुमची नात बेळगावात नोकरीला आहे. सुट्टीच्या दिवशी मैत्रिणींबरोबर अणशीच्या घाटापर्यंत सायकल हाणते. तिनं नवी घेतली तेव्हा जुनी मला आणून दिली. ही तुमच्या काळातली सायकल नव्हे. टायर दोन बोटांचे, हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं, बसलं की माणूस पुढं वाकतो. छप्पन्नाव्या वर्षी मी चुडीदार घातला. शेजारची अंगणातूनच म्हणाली, "काय गे अक्का, कुठल्या शर्यतीला?" मी म्हटलं, "पुस्तकाच्या." तोल लगेच सापडला. पाय विसरत नाहीत. खरं फाट्यापर्यंत गेले आणि जीव कासावीस झाला. दुखत होतं ते पायात नव्हे, पाठीत नव्हे. नेमकं तिथंच दुखत होतं, जिथं पंधराव्या वर्षी दुखायचं.

लेकीला फोनवर सांगायला दोन आठवडे लागले. तिनं जाड फोमचं कव्हर पाठवलं. त्यानं पहिली दहा मिनिटं बरं वाटलं, पुढं आणखी वाईट. मग एका मैत्रिणीची काढून टाकलेली सीट पाठवली, ती अरुंद, जांघेला घासायची. आठ दिवस नीट बसता येईना. सायकल मी भिंतीला टेकवून वर चादर टाकली. रोज तिच्याकडे बघताना एकच विचार यायचा. एकदा ह्याच दुखण्यानं माझी शाळा सुटली. आता वाचनालय सुटलं तर ह्या घरात भिंतींशिवाय माझ्याशी बोलायला काय राहतं?

तुम्हाला आठवत असेल. हायस्कूल रामनगरात, आपल्या घरापासून दोन कोस. गावातल्या मुलींची शाळा सातवीत संपायची. तुम्ही म्हणालात, माझी जाईल, आणि जुन्या तीन सायकलींतून माझ्यासाठी एक बायकी सायकल जुळवलीत. हिरवा रंग स्वतः दिलात. राहिली सीट. दुकानात पाटावर बाई कधी बसली नव्हती, आणि पोटच्या पोरीला बस म्हणायला तुमची जीभ रेटेना. सोमवारी दुकान बंद असायचं. त्या सोमवारी तुम्ही पाट स्वयंपाकघरात आणून ठेवता. माती ताजी, चाळलेली, पाणी बेताचं, वर धुतलेलं गोणपाट. माझ्याकडे न बघता चुलीकडे बघून आईला म्हणता, "आत पाट ठेवलाय. मी जरा ओढ्याकडनं येतो." आई फुंकणी उचलते आणि पाठ फिरवून चूल फुंकत बसते. चूल चांगली पेटलेली असते, तरी फुंकत बसते. तासाभरानं तुम्ही परत येता, दारात खोकता, पाट उचलून बाहेर नेता. मी खिडकीतून बघते. तुम्ही दोरा धरता, बोटं ठेवता, परत ठेवता. "पाच," स्वतःशीच म्हणता. "अंगानं बारीक हाय पोर."

ती सीट तुम्ही हातानं केलीत. पत्रा पाच बोटांच्या हिशेबानं कापलात, वर सावरीचा कापूस दाबून भरलात, लाल रेक्झिन शिवलंत. गावात तसली मऊ सीट कुणाकडेच नव्हती. आठवीचं वर्ष मी कसंबसं काढलं. कापूस बसत गेला, हाडं पत्र्याच्या कडेवरून निसटायला लागली आणि सगळं ओझं मधल्या नाजूक जागेवर आलं. शाळेत पोचेपर्यंत डोळ्यांत पाणी. कधी रक्त यायचं. आईला सांगितलं तर तिनं खोबरेल दिलं आणि आवाज खाली केला. "ह्ये काय बापाला सांगायचं असतंय व्हय?" नववीच्या दिवाळीनंतर मी सायकल दुकानात लावली आणि म्हटलं, मला शाळा आवडत न्हाई.

तुम्ही हात पुसलात. "सीट टोचतीया काय?" एवढंच विचारलंत. मी म्हटलं, न्हाई. तेव्हा तुम्ही गिऱ्हाइकांदेखत बोललात, "मग तुझ्याच मनात न्हाई. बापानं सायकल दिली, शाळेत मन कुठनं आणून द्यायचं?" पुढं बेअरिंगच्या पुड्यांचे कागद उलगडून वाचताना मला पकडलंत तेव्हा म्हणालात, "शाळा सोडली आणि रद्दी वाचतीस व्हय?" खरं त्या दिवसापासून पुड्यांचे कागद तुम्ही चुरगाळून टाकले नाहीत. नीट घडी करून खिळ्याला लावायचात. मराठी वेगळे, कानडी वेगळे. मी कानडी वाचायला शिकले ती त्या खिळ्यावरून.

तर गेल्या आठवड्यात पाट काढला. परसातली माती चाळली, भिजवली, थापली. दार लावून घेतलं. घरात कुणी नसताना दार कशाला लावलं, कोण जाणे. गोणपाट टाकलं आणि बसले. गुडघ्यांनी कुरकुर केली. उठून बघितलं तर दोन खळगे, स्वच्छ, दोन वाट्या ठेवल्यासारखे. दोरा धरला, तुमच्यासारखीच बोटं ठेवली. सात. माझी बोटं तुमच्यापेक्षा बारीक आहेत, ते धरलं तरी साडेसहा.

लेकीला फोन केला. ती हसत सुटली. "आई, इथं दुकानात असंच करतात. फोमच्या गादीवर बसवतात आणि खड्डे मोजतात. मशीन म्हणतात त्याला."

"मशीन कशाला म्हणायचं? तो पाटच की."

तिनं दोरा पट्टीवर ठेवून मिलिमीटर सांगायला लावले. पुढं वाकून बसायचं म्हणून थोडं कमी-जास्त धरलं आणि रविवारी सीट घेऊनच आली. कडक, पातळ, मधोमध लांब चीर. मी अंगठ्यानं दाबून बघितली. "अगं, ही तर फळी हाय."

"मऊ नकोच, आई. मऊ गादीत हाडं बुडतात आणि मधला भाग वर येऊन टोचतो. हाडांखाली कडक, आणि मधे काहीच नको."

हे मला चाळीस वर्षांपासून माहीत होतं, फक्त शब्द नव्हते. सीट लावून झाल्यावर अर्धी भरलेली तेलाची बाटली तिच्यावर आडवी ठेवली, तुम्ही ठेवायचात तशी. आतलं तेल मागं सरकलं, म्हणजे सीटचं नाक किंचित वर होतं, ते उतरवलं. लेक बघत राहिली. "हे कुठं शिकलीस?" मी म्हटलं, दुकानात. मग मी पाच बोटांचं सांगितलं, लाल सीटचं, शाळेचं. ती म्हणाली, "म्हणजे आजोबांचं माप चुकलं. बिचारे. सगळ्यांचं बरोबर, आणि तुझंच नेमकं."

मी मान हलवली. व्हय म्हटलं.

परवा वाचनालयात जाऊन आले. जायला पाऊण तास, फाट्यावर दम घेतला. चहावाला ओरडला, "ओ वैनी, गोव्याला निघालासा काय?" मी म्हटलं, आज रामनगरपर्यंतच. ट्रक आला की कडेला होत होते, शेतातला वास येत होता, आणि परत येताना वाचनालयाच्या पिशवीचा भार खांद्याला लागला तेव्हा लक्षात आलं, की सगळ्या वाटेत सीट एकदाही आठवली नाही. तुम्ही म्हणायचात, सीट आठवली, की समज, माप चुकलं. पुढच्या आठवड्यातलं पुस्तक मी सांगून ठेवलंय. आता हे सुटायचं नाही.

खरं घरी आल्यापासून लेकीचं ते वाक्य डोक्यातून जात नाही. आजोबांचं माप चुकलं. उद्या ती तिच्या मुलांना सांगेल, आणि तुम्ही कायमचे तसेच राहाल. म्हणून वही घेऊन बसले. हा कागद जाणार कुठं, पाटाखालीच राहील. लेकीलाही सांगेन, पण आधी तुम्हाला.

त्या सोमवारी मी पाटावर बसलेच नाही, आप्पा. तुम्ही दोरा घेऊन माझ्या अंगाच्या खुणेवर वाकाल, ह्या विचारानंच मी लाजेनं अर्धी झाले. आईची पाठ होती. मी गुडघे टेकले, दोन मुठी शेजारी शेजारी ठेवल्या आणि गोणपाटावरून मातीत जोर लावून दाबल्या.

पाच बोटं बरोबर होती. तुम्ही माझ्या मुठी मोजल्यात.