चार घुशी मारल्याची नोंद

२ डिसेंबर, मंगळवार
छऱ्यांची बंदूक सहा हजार आठशेची. हा बिलावरचा आकडा. खरा हिशेब वेगळा: दुकान दिवसभर बंद, तेवढ्यात पंपाच्या जळालेल्या दोन मोटारी समोरच्या दुकानात गेल्या. बीडला जाणं-येणं. आणि बायकोला, सत्यशीलेला, दिलेला शब्द, तो सगळ्यात महाग. परसातली घूस महिनाअखेरपर्यंत मेली नाही तर माझा भंगाराचा ढीग हलवायचा आणि ती जागा तिच्या कोंबड्यांना द्यायची. एक जानेवारीला तिची शंभर पिलं येणार आहेत. अंड्यांच्या पैशातून बुकिंग केलंय. मला न विचारता.
शब्द द्यायला काय जातं. घूस ती घूस. तीस वर्षं जळक्या मोटारींत नवी तार भरतोय. बेअरिंग गेलं का वायंडिंग, हे रस्त्यानं जाता जाता नुसत्या आवाजावर सांगतो. असल्या कानापुढं अंडी चोरणारं जनावर किती दिवस टिकेल.
ढीग हलणार नाही. त्यात माझी पहिली मोटार आहे, तीन एचपीची. ती तीनदा जाळली तेव्हा कुठं आश्रुबा मिस्तरी झाला.

३ डिसेंबर, बुधवार
बंदूकवाल्याचं ज्ञान लिहून ठेवतो. कधी हसायला कमी पडलं तर वाचीन.
म्हणे, शेठ, पॉइंट वन सेव्हन सेव्हन घ्या, लायसन्सची भानगड नाही, आधार कार्डावर मिळते. पाच बंदुका पुढं मांडल्या. कुठलीचा छर्रा सेकंदाला किती फूट जातो ते पुठ्ठ्यावरून वाचून दाखवलं. पुठ्ठा वाचून मी आजवर पंप घेतला नाही. नळी मोडली की आतली स्प्रिंग ताणली जाते, त्या स्प्रिंगच्याच जोरावर सगळा खेळ. मी एकेक बंदूक कानाजवळ धरून ताणली. चौथीचा आवाज नव्या बेअरिंगसारखा. तीच घेतली. तो म्हणाला, नेम तरी धरून बघा. मी म्हणालो, नेम माझा मी आणलाय.
मग छर्रे. कागदाला चपट्या तोंडाचे, घुशीला गोल डोक्याचे. यावर अर्धा तास प्रवचन. निघताना हळूच म्हणतो, सिलिंडरमध्ये तेल घालू नका. मशीनला तेल घालू नका हे मला, आश्रुबाला. विकून विकून मशीन कळत नसतं.

५ डिसेंबर, शुक्रवार
टार्गेट तयार केलं. पंपाच्या खोक्याचा पुठ्ठा. ताट ठेवून एक गोल, वाटी ठेवून आत दुसरा. मागं मातीची पोती.
सकाळी वीस पावलांवरून दहा छर्रे. ताटात दोन. बाकीचे वाऱ्यानं नेले. सत्यशीला म्हणाली, अवो, वारं कुठं हाय. हिला वारं कळतं.
दुपारी दहा पावलांवरून. ताटात चार. घूस काही वीस पावलांवर पाट टाकून बसणार नाही, त्यामुळे हेच अंतर बरोबर.
संध्याकाळी पाच पावलांवरून. वाटीत एक. नेम बसला. प्रॅक्टिस बंद.
शेजारचा चाँद भिंतीवरून बघत होता. फळांचा गाडा चालवतो. म्हणाला, आश्रुबाभाई, आणखी चार पावलं पुढं जा, बोटानंच भोक पडंल. याचा निशाणा म्हणजे पपई दाबून बघणं. रेंज काय कळणार.

८ डिसेंबर, सोमवार, सकाळी ६
ढिगासमोर खुर्ची टाकून बसलो. घूस आली. मांजराएवढी. पाटलीणबाईसारखी चालते. बार काढला. तिनं थांबून माझ्याकडं बघितलं आणि सावकाश ढिगाखाली गेली. घाबरली नाही, म्हणजे बंदुकीत दम नाही.
संध्याकाळी ५. सिलिंडरमध्ये तेल घातलं. थेंब नव्हे, झाकणभर. पुढचा बार असा निघाला की धाड. नळीतून धूर. बावीसच्या बावीस कोंबड्या भिंतीवर. ताकद दुप्पट. मोटारीचा आवाज वाढला तर बिघाड समजावा, बंदुकीचं उलटं असतं. हे त्या बंदूकवाल्याला सात जन्मांत कळलं नसतं.

११ डिसेंबर, गुरुवार
पहिली घूस मेली. घूस ढिगात शिरताना धाड, आणि मागोमाग आतून थप्प. छर्रा अंगात शिरल्याचा आवाज दगडाला लागल्यासारखा नसतो. मऊ असतो. माझ्या कानानं ओळखला.
सत्यशीला म्हणाली, मेलेली दाखवा. समजावलं की जखमी जनावर बिळात जाऊन मरतं. म्हणाली, मग मेली कावून म्हणता, आत गेली म्हणा. हिला सगळ्याला पावती लागते.

१३ डिसेंबर, शनिवार
रोजची नऊ अंडी, आज तीन. म्हणजे घुशीचं कुटुंब आहे. एकीवर थांबून चालणार नाही.
सत्यशीलेचं म्हणणं निराळंच. घूस अंडं नेते तर टरफल तरी घावतं. ही अंडी न्हेली न्हाईत, घातलीच न्हाईत. तुमच्या धडाक्यानं कोंबड्यांनी अंग चोरलंय. आता कोंबड्यांच्या मनाचं बघून बंदूक चालवायची.
पिंजरा लावू का, असंही विचारलं. पिंजरा. बंदूक असलेल्या घरात.

१७ डिसेंबर, बुधवार
दुसरी मेली. थप्प.

१९ डिसेंबर, शुक्रवार
तिसरी. थप्प. दुकानात सांगितलं. दोन गिऱ्हाईकं विचारायला लागली, आमच्या वस्तीवर येता का. म्हणालो, आधी घरचं आवरू द्या. मोठ्या माणसाला मागणी असतेच.
ढाबेवाला साठ अंडी न्यायला आला होता. सत्यशीलेकडं एकोणीस होती. पुढच्या आठवड्यापासून दुसरीकडून घेईन म्हणाला. सत्यशीला भिंतीवर रोज खडूनं अंड्यांचा आकडा लिहिते, तो आज लिहिला नाही. धंद्यात असं चालतंच. शिकेल हळूहळू.

२१ डिसेंबर, रविवार
उमापूरहून मेहुणा रामकिसन आला. कॉलेजात एनसीसीत होता, ते अजून सांगतो. पाच छर्रे मारले, पाचही ताटात. मग पुठ्ठ्याजवळ जाऊन म्हणाला, दाजी, छर्रा आरपार जाईना, पुठ्ठ्यातच चिकटून बसतोय. मी सांगितलं, ताकद जास्त झाली की छर्रा चपटा होतो, चपटा झाला की अडकतो. तो बंदूक भिंतीला टेकवून हात धुवायला गेला. पटलं असावं.
जेवताना बहिणीच्या कानात काहीतरी कुजबुजला. मला ऐकू आलं. आवाज तेवढा, मार काहीच न्हाई, म्हणाला. माझ्या घरची शेंगदाण्याची चटणी दोनदा मागून घेत होता.

२५ डिसेंबर, गुरुवार
चौथी मेली. एकूण चार. वंश संपला. शब्द पाळला.

२६ डिसेंबर, शुक्रवार
दोन अंडी गेली. टरफलं ढिगाजवळ. बाहेरगावची घूस असेल.

२८ डिसेंबर, रविवार
बंदुकीतून धाड निघेना. फुस्स. आणखी झाकणभर तेल घातलं. फुस्स. तिसऱ्या बाराला छर्रा नळीतच राहिला.
चाँद म्हणाला, आश्रुबाभाई, आता हिला गाड्यावर लावा, माश्या हाकलायला. त्याच्या गाड्यावर माश्या आहेत हे त्यानंच कबूल केलं.

२९ डिसेंबर, सोमवार
पुन्हा बीड. बंदूकवाल्यानं सिलिंडर उघडलं. स्प्रिंगचे दोन तुकडे, वॉशर विरघळून काळा. बोट घालून वास घेतला आणि विचारलं, तेल घातलं का. म्हणालो, थोडं. म्हणाला, शेठ, तो धडाका तेल जळल्याचा होता, पहिल्या दोन-चार बारांतच वॉशर गेला, त्यानंतर छर्रा नुसता नळीतून बाहेर पडत होता. मी सांगितलं, याच बंदुकीनं चार घुशी मारल्यात. तो हसला. गिऱ्हाइकाला हसणारं दुकान फार दिवस चालत नाही.
दुरुस्तीला टाकली नाही. काम झालेलं आहे.

३१ डिसेंबर, बुधवार
आज मुदत संपली. सत्यशीलेला सांगितलं की एकीच्या जागी चार मारल्या, त्यामुळे ढीग जागेवर राहील. वाद घालेल म्हणून पाच मुद्दे काढून ठेवले होते. एकही वापरावा लागला नाही. ती म्हणाली, मान्य हाय, चार मेल्या. मग चार मढी ढिगाखालीच असतील की. उद्या पिलं येणार, सडलेल्याचा रोग लागला तर शंभराच्या शंभर जातील. तेवढी काढून द्या, ढीग परत होता तसा रचून देते.
विचार केला. चार मेल्यात तर ढीग हलवायला पाहिजे. हलवू नये म्हणावं तर मेल्या नाहीत म्हणावं लागतं.
म्हणालो, बघू. म्हणाली, बघू न्हाई, रामकिसनला सकाळी बोलवलंय.

१ जानेवारी, गुरुवार
सकाळी सातला सुरुवात. मी, रामकिसन, चाँद. चाँदला कुणी बोलावलं नव्हतं. गाडा तसाच रस्त्यात लावून आला.
वरचे पाइप, पंखे, जळक्या कॉइलींची पोती निघाली. एका पोत्यात रुतलेले चार छर्रे चाँदनं वेचले आणि एकेक करून माझ्या तळहातावर ठेवले.   पहिली मोटार रामकिसननं आणि मी मिळून उचलली. तिचा शाफ्ट हातानं फिरतो अजून. ती ओट्यावर ठेवायला सत्यशीलेनं आधीच जागा झाडून ठेवली होती.
अकराला पिलांची खोकी आली. जागा मोकळी झाली होती.
मोटारीखाली एकच बीळ निघालं. त्यात एकच घूस, जिवंत. सत्यशीलेनं तिच्यावर पाटी उपडी घातली. रामकिसननं वाकून फटीतून नीट बघितलं. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.