थांब्यामागची भिंत

शुक्रवार, दिवेलागणीला

बजाजनगरातल्या आमच्या घराच्या भिंतीला लागूनच बसचा थांबा आहे. तो हलवा म्हणून तीन अर्ज दिले, ढिम्म कुणी हललं नाही. लोक भिंतीवर थुंकतात, मुततात. शेवटी देवांच्या टाईल्स बसवल्या, तर त्यांच्यावरही पिचकाऱ्या.

आज गेट उघडलं तर एकजण भिंतीकडं तोंड करून उभा, आणि टाईलवरून पाणी ओघळतंय. देवावर? डोकंच फिरलं माझं. गेटमागचा लोखंडी पाईप उचलला आणि त्याच्या पाठीत हाणला. मग परत हाणला. दुसरा फटका कानाच्या वर बसला. तो कोसळला तेव्हा त्याच्या हातातली पाण्याची बाटली घरंगळत माझ्या पायाशी आली.

बाटली. ती आधी का नाही दिसली मला?

"काकू, कुणीतरी देवावर थुंकलं व्हतं," तो डोकं धरून म्हणाला. "धुवत व्हतो."

थांब्यावरच्या दोघांनी त्याला रिक्षात घातलं. कुठल्या दवाखान्यात नेताय, एवढंसुद्धा मी विचारलं नाही. मला कुणी शिवीही दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

टाईलवर रक्त उडालं होतं. त्याच्याच बाटलीतल्या उरलेल्या पाण्यानं मी ते धुतलं.

पुढची बस आली तेव्हा घराच्या खिडकीतून पाहिलं. थांब्यात कुणीच नव्हतं. सगळे रस्त्याच्या पलीकडं, धुळीत, अंग चोरून उभे होते.

तीन अर्जांनी झालं नाही, ते दोन फटक्यांत झालं.