क्रांती चौक ते सहावा मजला

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळ.
निर्णय झाला. बास. देशाची संपत्ती मूठभरांच्या हातात, आणि मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक नुसते पेपर तपासत बसायचं? लेख वाचता वाचता रक्त उसळलं. तेवढ्यात चहा गार झाला. केसरबाईला दुसरा टाकायला लावला. आमच्याकडं स्वयंपाक, भांडी, फरशी सगळं तीच बघते.
संकल्प: दर शनिवारी क्रांती चौकात शांततामय धरणं. विषमता हटेपर्यंत.
मंजुषाला सांगितलं. म्हणाली, "जेवायला येणार ना?" बायकोला इतिहासाची जाण नाही.

४ फेब्रुवारी
पोलिसांची परवानगी. 'अपेक्षित उपस्थिती' पुढं मी 'हजारो' लिहिलं. हवालदारांनी ते खोडून 'पाच-सहा' केलं. यंत्रणा घाबरली आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार
ऐतिहासिक दिवस. उपस्थित: मी, केमिस्ट्रीचे पुंजाराम सर आणि एक गृहस्थ. गृहस्थ फार गंभीरपणे बसले होते. नंतर कळलं, रिक्षाची वाट बघत होते. एका जोडप्यानं गाडी थांबवून दौलताबादचा रस्ता विचारला. जनतेत कुतूहल आहे.
ऊन लई. पुंजाराम सरांनी टोपी आणली होती, मला दिली नाही. इथंही विषमताच. जेवणाच्या वेळी आंदोलन स्थगित. याला माघार म्हणता येणार नाही.

१० फेब्रुवारी
आमच्या बिल्डिंगमध्ये धुणीभांडी करणारी आवडाबाई जिन्यात चक्कर येऊन पडली. पाचव्या मजल्यावर. कपाळाला टाके पडले. साठीच्या पुढची बाई, वाईट वाटलं. सगळ्या कामवाल्या म्हणतात, लिफ्टनं जाऊ दिलं असतं तर पडली नसती. पण लिफ्ट फक्त रहिवाशांसाठी, हा सोसायटीचा ठराव आहे. चेअरमन म्हणून मीच मांडला होता. पाटीही मीच लावली. शिवाय जिना हृदयाला चांगला. मला सहाव्या मजल्यावर जायला लिफ्ट रिकामी मिळावी म्हणून नाही, शास्त्रच आहे ते.

११ फेब्रुवारी
केसरबाईनं फरशी पुसता पुसता विचारलं, "सर, तुम्ही चौकात बसता, ते नुसतं बसल्यानं काय व्हतं का ओ?"
आमच्या एम.ए.च्या वर्गात असा प्रश्न येत नाही! सविस्तर समजावलं. सगळ्यांनी मिळून बसायचं. शिवी द्यायची नाही, हात उचलायचा नाही, आणि उठायचंही नाही. समोरचा आपोआप वरमतो. ती म्हणाली, "व्हय, माझी माय नामांतराच्या मोर्च्याला गेलती, ती बी असंच सांगायची." मी म्हटलं, विषयांतर नको.
जाताना तिनं लिफ्टचं काढलं. मी म्हटलं, तो प्रशासकीय प्रश्न आहे, तत्त्वात मिसळू नये. तिला पटलं असावं. जिन्यानं उतरून गेली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
केसरबाई आली नाही. गॅलरीतून पाहिलं तर गेटसमोर सगळ्या कामवाल्या बाया सतरंजी टाकून बसलेल्या. मध्ये पट्टी बांधलेली आवडाबाई. घोषणा नाहीत, आरडाओरडा नाही. डोळे भरून आले. माझा विचार तळागाळात पोचला!
मार्गदर्शन करायला लिफ्टनं खाली गेलो. विचारलं, "आंदोलन कुणाविरुद्ध?"
केसरबाई म्हणाली, "तुमच्याच, सर."
मागण्या दोन: लिफ्ट आणि रविवारची पगारी सुट्टी. मी म्हटलं, मुद्दा रास्त आहे, वेळ चुकली. आधी जागतिक पातळीवर काही होऊ द्या. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. उठलं कुणीच नाही.

१५ फेब्रुवारी
विषमता निर्मूलनाच्या कामात खंड. चौकात जाता आलं नाही, कुकर घासत होतो. आत डाळ वाळून सिमेंट झालेलं.
सोसायटीची तातडीची मीटिंग. कुणीतरी म्हणालं, पोलीस बोलवा. हवालदार मला धरण्याचा पुरस्कर्ता म्हणून ओळखतात, त्यामुळं मी कडाडून विरोध केला. बाया याला माझा पाठिंबाच समजल्या. समजोत.

१६ फेब्रुवारी, रविवार
मंजुषा थर्मास आणि चटई घेऊन खाली गेली. वाटलं, समजूत काढायला. तिनं चटई आवडाबाईशेजारी टाकली आणि बसली. मी गॅलरीतून खुणा केल्या. तिनं वर पाहिलंच नाही. दुपारपर्यंत निम्म्या बिल्डिंगच्या बायका खाली. घराघरातून नवरे गॅलरीत.
संध्याकाळी दोन्ही मागण्या एकमतानं मान्य. स्क्रू ड्रायव्हर घेऊन पाटी मीच काढली. विजयावर दोन शब्द बोलायला वळलो, तर सगळ्या आवडाबाईला घेऊन लिफ्टमध्ये शिरल्या होत्या. दार लागलं.
नोंद: यशाचं श्रेय कार्यकर्त्यांना द्यावं. विचार कुणाचा होता हे इतिहास सांगेल.

२२ फेब्रुवारी, शनिवार
बायांना क्रांती चौकात यायचं निमंत्रण दिलं. अनुभवी मनुष्यबळ. केसरबाईनं विचारलं, "तिथं बसून मागायचं काय? आन् कुणाला?" मी म्हटलं, समता, व्यवस्थेला. "तिचं घर कुठं हाय?" म्हणाली. "तिच्या गेटापुढं बसू की."
पुंजाराम सरही आले नाहीत. एकटाच बसलो. व्यवस्थेचं गेट कुठं असेल यावर विचार केला. डोकं दुखलं. घरी आलो.

२३ फेब्रुवारी, रविवार
केसरबाईची पहिली सुट्टी. मंजुषा म्हणाली, "रविवारची सुट्टी मलाही हवी." मी म्हटलं, तत्त्वतः मान्य, तपशील नंतर ठरवू. ती सोफ्यावर बसली. शिवी नाही, आदळआपट नाही. नुसती माझ्याकडं बघत बसली.
अर्ध्या तासात तपशील ठरला.
मघाशीच ती बायांबरोबर दौलताबादला गेली. किल्ला बघायला. जाताना तांदळाचा डबा दाखवून गेली.
हल्ली मला मनापासून वाटायला लागलंय की अशा आंदोलनांनी काहीएक साध्य होत नाही. यावर सविस्तर लिहायला हवं, पण भात खाली लागल्याचा वास येतोय.