तुटलेली रेघ

सालेकसा, ३ नोव्हेंबर १९५४
आलो एकदाचा! शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणून हजर झालो आणि घरही झकास मिळालं. मातीचं, दोन खोल्यांचं, छुईमातीनं पांढरंशुभ्र पोतारलेलं. घरमालकीण धुरपताबाई शेजारीच राहते. सुशीला सव्वा महिन्याच्या बाळाला घेऊन सोळा तारखेला नागपूरहून येईल. सगळ्यात मौज म्हणजे आतल्या खोलीच्या भिंतीवर धुरपताबाईनं गेरूनं काढलेलं चित्र. चौकटीत पाठमोरी बाई, दोन्ही हात पसरलेले. मासिकासाठी यावर लेखच लिहिणार!

५ नोव्हेंबर
धुरपताबाई लेकीकडं देवरीला गेली. चित्राचा अर्थ तिला विचारायचा राहिला. पण तिलाच विचारायचं तर माझी पदविका कशाला? पाठ म्हणजे लज्जा, पसरलेले हात म्हणजे भरलेलं धानाचं शेत. चार पानं झाली. एकच खटकतं. चौकटीची खालची रेघ दाराच्या बाजूला वीतभर तुटलेली आहे. धुरपताबाईचा गेरू संपला असणार. वर्गात अशी रेघ दिसली तर मी कान पिळतो. आज पट्टी लावून ती पुरी करून टाकली.

९ नोव्हेंबर
चित्रातल्या बाईचा गाल दिसतो. लेखात मी ‘पूर्ण पाठमोरी’ लिहिलंय. नजर कच्ची माझी, दुसरं काय.

१३ नोव्हेंबर
धुरपताबाई परतली. पुरी केलेली रेघ तिनं बोटांनी चाचपली. म्हणाली, "मास्तर, वाट काऊन बुजवली जी?" चित्रातली बाई म्हणजे तिची सून शामकला, याच खोलीत बाळंतपणात गेली. लेकरूही गेलं. "थे लेकरू शोधून राह्यली. अठी पाह्यते, नाही भेटत, मंग बाहेर जाते. आता कोठून जाईल?"
चारही पानं फाडली. फार भीती वाटते आहे, बाळासाठी.

१४ नोव्हेंबर
रेघ खरवडली. धुरपताबाईनं वरून शेणानं सारवलं. वाळलं की पुन्हा रेघ. भिंतच पाडावी लागेल म्हणते. कवडू गवंडी सतराला येतो. सुशीलाला तार केली, येऊ नकोस.

१६ नोव्हेंबर, दुपार
आली. तार मिळालीच नाही, कालच निघून गोंदियाला मावशीकडं उतरली होती. शाळेत राहू म्हटलं तर चिडली, एवढ्या चित्राला भिता म्हणाली. पाळणा बाहेरच्या खोलीत बांधला. आतल्या दाराला कडी घातली.

दिवेलागण
कडी निघालेली. सुशीलानं काढली नाही, ती चुलीपाशी आहे—
बाईचं तोंड समोर. हात पसरलेले नाहीत. छातीशी— काही तरी धरलंय. एवढंसं. गेरू ओला.
सुशीला म्हणते, केव्हाचा शांत झोपलाय, उठवू नका.
पाळण्यात पाहायचा धीर होत नाही. लिहितो आहे तोवर तरी तो तिथं आहे. दोरी माझ्या डाव्या हातात. ओढली.
हलका लागतो पाळणा. फार हलका. उठतो, बघ—