हराळीची दोन पोती

माय, मी लातुरात नेमकं काय काम करतो हे तू लोकांना कधी नीट सांगितलं नाहीस. "मंगल कार्यालयात मॅनेजर हाय," म्हणायचीस. खरं म्हणजे मी तिथलं लॉन सांभाळतो. आणि लॉन म्हणजे हराळीच, माय. बारीक पानाची, कापून कापून गादीसारखी केलेली, पण हराळीच. जिच्यापायी तुझी कंबर गेली तिलाच मी पगार घेऊन पोसतो. हे तुला सांगितलं तेव्हा तू हसली नाहीस. "पाणी बी देऊन राहिलास का तिला?" एवढंच विचारलंस आणि चुलीकडे तोंड फिरवलंस.

आपल्या नायगावच्या रानातला तो दिवस अजून दिसतो. नांगर फिरून गेलाय आणि तू ढेकळं फोडत हराळीच्या काशा, मातीतल्या गाठाळ मुळ्या, वेचतेस. मी बी.ए. होऊन घरी बसलेला, टोपलं घेऊन तुझ्या मागे. उन्हाला कंटाळून मी टोपलं बांधावरच रिकामं करतो. तू ओरडत नाहीस. जवळ येऊन बसतेस. "लई शिकलास बाबा. बांधावर टाकली म्हणजी मरती का ती? पाऊस पडला की हाय परत रानात." मग एकेक मुळी आपण दोघं पुन्हा गोळा करतो आणि खडकावर वाळत घालतो. बोटाएवढा तुकडा राहिला तरी ती फुटते, हे मी त्या दिवशी शिकलो. त्यावरच आज माझं पोट चालतं.

लग्नसराई संपली की लॉनकडे बघवत नाही. मांडवाच्या खांबांची भोकं, आचाऱ्यांनी ओतलेलं तेल, घोडीचे खूर. मग पावसाळाभर भोकं बुजवायची, बारीक माती पसरायची, गवत लावायचं, कापायचं, की तुळशीच्या लग्नापर्यंत हिरवंगार. पूर्वी मला यात मजा वाटायची. आता वाकलो की उठताना हात गुडघ्यावर जातो. यंदा तर टँकरचं पाणी वऱ्हाडालाच पुरेना, अर्धं लॉन जळून गेलं. मालक म्हणाले, "दिवाळीपर्यंत हिरवं झालं तर ठीक, न्हाईतर प्लास्टिकचं टाकून घेऊ. त्याला पाणी नको, माणूस नको." तो माणूस म्हणजे मी. या वयात मला दुसरीकडे कोण ठेवून घेणार?

म्हणून आषाढात गावाकडे गेलो. विहिरीजवळचा तुझा तुकडा तू गेल्यापासून पडीक आहे. हराळी अशी माजलीय की माती दिसत नाही. बघून वाईट वाटलं आणि, खोटं कशाला बोलू, लगेच जीव भांड्यात पडला. दिवसभर कुदळीने खणून दोन पोती भरली. चुलतभावाची बायको बांधावरून जाताना थांबली. "भावजी, माय गेली तरी तिचं रान साफ करून राहिलात. आताच्या काळात कोण करतंय असं?" तिने पदराने डोळे पुसले. मी "हाव" म्हणालो.

ती दोन्ही पोती जळक्या लॉनवर लावली. पानं जरा रुंद आहेत, पण कापत राहिलं की कोणाला कळत नाही. लॉनने मूळ धरलंय, मालक आता काही बोलत नाहीत. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून हे पत्र माझ्यापाशीच राहील. पण एक सांगून टाकतो. त्या दिवशी निघताना थोड्या काशा मी तुझ्या रानात मुद्दाम परत पुरल्या आणि वरून पायाने माती दाबली. पुढच्या वर्षी लागतील म्हणून.