शेंगापोळीत साखर नसते

२ जानेवारी
शुगर २८६. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, ती उतरल्याशिवाय मोतीबिंदूचे ऑपरेशन नाही. तारीख २० दिली आहे. मुलगा बसवेश म्हणतो, अप्पा, डोळं झाल्याबिगर दुकानात बसू नका. काल फक्त एका नवरीला जांभळ्याऐवजी काळी साडी दिली, तेवढ्यावरून! तीस वर्षे मी चालवलेले दुकान. फार लागले. शुगर उतरवणारच.

३ जानेवारी
दवाखान्याचा चार्ट इंग्रजीत. ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह ऑइल. आम्ही सोलापूरची माणसे! खडसावून आलो, आमच्या माणसाला आमचे जेवण सांगा. बायको म्हणाली, आधी चहातली साखर सोडा. मुद्दा संस्कृतीचा आहे हे श्रीदेवीला कळत नाही.

६ जानेवारी, सकाळी
विजय! दवाखान्याने अक्कलकोटच्या सुंदरम्माला घरी पाठवले. आहार समजावते, मराठीत आणि कन्नडमध्येही. चुलीपाशी बसून नवा चार्ट केला. दुपारी दीड भाकरी, वरण, मेथी, शेंगाचटणी एक चमचा. गोड बंद. म्हणाली, तुमचंच जेवण हाय की, मापात खावा.

संध्याकाळी
आता सबबच उरली नाही. जरा वाईट वाटले.

८ जानेवारी
तोडगा सापडला. सकाळी इंग्रजी चार्ट, दुपारी सुंदरम्माचा. दोन चार्ट म्हणजे दुप्पट पथ्य. ओट्स गूळ घालून बरे लागतात.

१४ जानेवारी
संक्रांत. शेंगापोळ्या चार. त्यात गूळ असतो, साखर नाही. शिवाय नैवेद्य झालेला. नैवेद्य गोडात धरत नाहीत.

१६ जानेवारी
शुगर ३१८. मशीन बिघडले आहे.
दुसऱ्या मशीनवर ३२१.
ऑपरेशन पुढे ढकलले. सुंदरम्मा रागावली नाही, चार्टवरच्या दीड भाकरीखाली रेघ ओढून गेली. तेच जास्त झोंबले. श्रीदेवीने उरलेल्या पोळ्या शेजारी ईश्वरप्पाकडे धाडल्या.

१७ जानेवारी, दुपारी
आत्ता आठवले, ईश्वरप्पालाही शुगर आहे! बिचारा. त्याला समजावणे माझे कर्तव्य. डबा संपायच्या आत गेले पाहिजे.

संध्याकाळी ७
समजावले. तो पाणी आणायला आत गेला तेव्हा टेबलावरची पोळी उचलून मोठा घास घेतला. कडक भाकरी निघाली. दाढ हलली. ईश्वरप्पा बाहेर येऊन पोट धरून हसला. म्हणाला, वैनी सकाळीच सांगून गेल्या, मालक येतील, पोळ्या कपाटात ठेवा की.
डोळे धड असते तर भाकरी ओळखली असती.
उद्यापासून भाकरी दीडच. वरणात कुस्करून.